पितळी पाटी

प्रिय ताई,

तू पत्राचा शेवट आधी वाचतेस. या वेळी तसं करू नकोस, क्रमाने वाच.

बाबांचा गुडघा बरा आहे. आई तुझी चौकशी करते, पण शेजारीण निघून गेल्यावर. माझं काम चाललंय. शिंप्याच्या दुकानावरची ती खोली आठवते? वकीलबाई आणि दवाखान्यातल्या सिस्टर चालवायच्या, लोक तिला 'रडारडीची खोली' म्हणायचे. आता त्यांच्यासोबत मुलींचं वसतिगृह आलंय, परिचारिकांची संघटना आलीय, अशा सात संस्थांचा मिळून एक मंच झालाय. नव्या जागेचं सुतारकाम माझ्याकडे आहे.

त्या एकत्र का आल्या सांगतो. मुलीवर अत्याचार झाला की तिला ते पोलिसांत, दवाखान्यात, कोर्टात, दर टेबलावर नव्याने सांगावं लागायचं. जो तो म्हणायचा, पहिल्यापासून सांग, जणू सिनेमाची गोष्ट. एका मुलीने मधेच बोलणंच सोडलं, तेव्हा वकीलबाई दारोदार फिरल्या आणि सगळ्यांना एका नियमावर आणलं. मुलगी एकदाच सांगेल, पुढे एक बाई शेवटपर्यंत तिच्यासोबत राहील. मुलगी नको म्हणाली, तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

हा नियम ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला. एवढी साधी गोष्ट आपल्या घराला जमली नाही. तूही एकदाच सांगितलंस, स्वयंपाकघरात, आणि आईने रेडिओ मोठा केला. बाबा म्हणाले, घरातलं आहे, घरात मिटवू. मिटवलं कसलं, तुलाच घराबाहेर काढलं. आत्याचे यजमान पुढच्याच रविवारी आपल्याकडे जेवले आणि भाजीला नावं ठेवून गेले.

नव्या जागेत मुलीशी बोलायची एक खोली आहे. तिला मी दोन दारं केलीत, म्हणजे आलेल्या मुलीला बाहेर बसलेल्यांसमोरून परत जावं लागू नये. कडी आतून आहे, ओढताना आवाज होत नाही. एका खुर्चीचीही पाठ दाराकडे नाही. सिस्टर मला चिडवतात, तुझ्या बायकोचं काही खरं नाही, मीठसुद्धा मोजून घालायला लावशील.

गेल्या आठवड्यात त्या खोलीसाठी पितळी पाटी आली. ज्याच्या पैशातून वसतिगृहाच्या खाटाही येणार आहेत, त्या मोठ्या देणगीदाराचं नाव तिच्यावर कोरलंय. ताई, ते आत्याच्या यजमानांचं नाव आहे. ते स्वतः खोली बघायला आले होते. माझी कडी दोनदा सरकवून बघितली, पाठ थोपटली, म्हणाले, काम चोख आहे रे बारक्या, आणि ताई काय म्हणते, येत नाही ती हल्ली? माझ्या हातात लाकूड तासायची धारदार पटाशी होती. मी ती पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं.

मी वकीलबाईंना सांगितलं, ही पाटी मी लावणार नाही. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, कारण माझं नाही, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी पाटी कागदात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवली. पुन्हा विचारलं नाही. पण बाकीच्या संस्था विचारणार. वसतिगृहाच्या बाई आत्ताच म्हणतायत, एका सुताराच्या लहरीसाठी मुलींना जमिनीवर झोपवायचं का? त्यांचंही चूक नाही. म्हणून जास्तच राग येतो. या माणसाने तुझं घर घेतलं, आणि आता मुलींच्या खाटा पुढे करून त्या खोलीवर स्वतःचं नाव लावतोय.

पुढच्या महिन्यात सगळ्यांची बैठक आहे. तिथे मी एकच वाक्य बोलू का, की या नावाच्या दारातून माझी बहीण आत येऊ शकणार नाही? त्यापलीकडे एक अक्षर नाही. तू हो म्हण किंवा नको म्हण, किंवा उत्तरच देऊ नकोस. नको म्हणालीस किंवा उत्तर आलं नाही, तर मी गप्प बसेन. आणि कुणी दुसऱ्याने ती पाटी लावलीच, तर मी ती उतरवेन. कामावरून काढलं तर काढू देत. स्क्रू काढायला कारण सांगावं लागत नाही. हे मी तुला एकदाच विचारतोय, ताई. पुन्हा विचारणार नाही.

तुझाच,
बारक्या