सिस्टीम, भोंगा नव्हे

१ जानेवारी १९९९
यंदा समुद्र. नक्की. मोटरसायकलवर केदारखेडा ते रत्नागिरी, मी आणि सत्यशीला. लग्नात शब्द दिला होता, त्याला अकरा वर्षं झाली. तिनं आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुराची पूर्णा. बियाणं कंपनीत पंचवीस तारखेपासून दहा दिवसांची रजा टाकली, साहेबांनी सहीही केली. आता एकच काम राहिलं. गाडीला स्टिरिओ सिस्टीम. गाण्याशिवाय टूर म्हणजे नुसता प्रवास.
सत्यशीला म्हणाली, समुद्र दिसला म्हंजे झालं, गाणं कशाला पाह्यजे. तिला प्लॅनिंग कळत नाही.

६ जानेवारी
जालन्याहून कारचा टेप, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आणले. फिटिंग कारभारी वायरमननं केलं. तो एरवी लग्नाच्या मांडवात माइक लावतो. त्याला बजावलं की ही सिस्टीम आहे, मांडवाचं काम नव्हे. वायर ती वायरच असती म्हणाला.

९ जानेवारी, सायंकाळी सात
ट्रायल. एमआयडीसीतून घरी येताना साठच्या स्पीडला गाणं लावलं. ऐकू आलं नाही. वारा आणि इंजिन. थांबून ऐकलं, फर्स्ट क्लास. पण इंजिन बंद, त्यामुळे दुसऱ्या गाण्याला बॅटरी बसली. गावापर्यंत गाडी ढकलत आणली. किरकोळ दोष आहे.

१२ जानेवारी
दोष दूर. कारभारीनं ट्रॅक्टरची बॅटरी जोडून दिली. मागच्या सीटवर दोरीनं आवळली, तिथं जागा होतीच.
सत्यशीलानं विचारलं, मंग मी कुठं बसू. तात्पुरतं आहे म्हणालो. ती आत गेली. तिची पिशवी भरून तयार आहे. दोन साड्या आणि एक रिकामी बाटली. बाटली कशाला, तर म्हणे समुद्राचं पाणी आणायला.

१५ जानेवारी
भोकरदन रोडच्या खड्ड्यांनी दोन्ही स्पीकरचे पडदे फाडले. कारभारी म्हणाला, या रस्त्याला भोंगाच टिकल, आणि त्याच्याकडचा पत्र्याचा एक बसवला. मी त्याला हॉर्न स्पीकर म्हणतो. गाणं सर्दी झालेल्या माणसानं म्हटल्यासारखं येतं. बोलणं मात्र एकदम खणखणीत. कारभारीनं माइकही जोडून दिला, मी मागितला नव्हता.
एक शोध लागला. सिस्टीम सगळ्यात चांगली चालते ती पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगानं. त्या वेगानं रत्नागिरीला किती दिवस लागतील याचा हिशोब केला आणि पान फाडलं.

१६ जानेवारी
सरपंच उषाबाई दारात. उद्या पोलिओचा डोस आहे, पंचायतीचा स्पीकर बंद. भाऊ, तुमचा भोंगा हाय ना, म्हणाल्या. भोंगा नाही, सिस्टीम आहे, असं सांगितलं. बरं, सिस्टीम घेऊन या म्हणाल्या, पण जल्दी.
पाच वर्षांखालील सर्व बालकांना. गल्लोगल्ली फिरलो. लोक ओट्यावर येऊन बघत होते. खरं लिहायचं तर फार बरं वाटलं. पण हे एकदाच.

१९ जानेवारी
साळूबाईची म्हैस हरवली. म्हातारी सकाळपासून आमच्या ओट्यावर बसून होती. पुकारा केल्याबिगर उठायची न्हाई म्हणाली. तीन फेऱ्या मारल्या. म्हैस तिच्याच घरामागं निघाली. ती म्हणते पुकाऱ्यामुळेच सापडली.
यापुढे नाही म्हणायला शिकायचं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं, जमतं.

२३ जानेवारी
वरच्या आळीतले बद्रीनाथ काका गेले. माती सकाळी अकराला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. सोयरे हसनाबादला, म्हणून तिकडेही पुकारा करून आलो. गाडी चांगली पळाली. हे टूरच्या प्रॅक्टिसमध्ये धरलं.

२५ जानेवारी, सकाळी सहा
आज निघायचं होतं.
साळूबाईनं फाटकातच अडवलं. मातीचा पुकारा ज्यानं केला, दहाव्याचाही त्यानंच करायचा, अशी रीत हाय म्हणाली. महिन्यापूर्वी ही रीत नव्हती, कारण महिन्यापूर्वी माझ्या गाडीवर काही नव्हतं. हे मी तिला बोललो नाही. दहावा एक तारखेला आहे आणि तोवर गाव सोडायचं नाही, तीही रीत निघाली. रजा तीनला संपते. दोन दिवसांत समुद्र होत नाही.
सत्यशीलानं पिशवी खुंटीला अडकवली. रिकामी केली नाही, यावरून तिचा माझ्यावर विश्वास आहे हे स्पष्ट होतं.

८ फेब्रुवारी
दुसरी रजा नामंजूर. साहेब म्हणाले, दहा दिवस घरी बसून काय केलं. त्यांना सांगितलं. तर म्हणाले, अरे वा, मग शनिवारच्या शेतकरी मेळाव्याला तो भोंगा घेऊन ये. जालन्यापर्यंत हा शब्द गेलाच कसा.

१९ फेब्रुवारी
टँकर सुरू झाला. यंदा लवकर. सकाळी सहाला येतो आणि पारापाशी थांबतो. वरच्या आळीला कळतच नाही, म्हणून पुकारा.

२७ फेब्रुवारी
निश्चय. होळीला गाडी मोकळी करून निघायचं, रजा मिळो न मिळो. कारभारीला बॅटरी सोडायला बोलावलं. तो पाना घेऊन आला आणि उभाच राहिला. भाऊ, उद्या टँकरचं कोण सांगल, म्हणाला. आज पुकाऱ्याला मला दहा मिनिटं उशीर झाला होता, तर वरच्या आळीच्या सात बायका रिकामे हंडे घेऊन परत गेल्या.
चहा पाजून पाठवला.

३ मार्च
होळी झाली. गावातच होतो.

१४ मार्च
उषाबाईंनी सकाळी टँकरपाशी कागद हातात दिला. महिला मंडळाची सहल, एस.टी. ठरवली आहे, तीन दिवस रत्नागिरी. नावं पुकारायची, म्हणजे सगळ्या गुरुवारी पहाटे पाचला शाळेपाशी येतील. कागद आधी वाचून पाहायची मला सवय नाही, अनुभव झाला आहे. पहिला गिअर टाकला आणि सुरू केलं. सौ. पुष्पाबाई. सौ. गिरिजाबाई. श्रीमती सगुणाबाई. चौदावं नाव सौ. सत्यशीला कडूबा ठोंबरे. खणखणीत आवाजात वाचलं. पंधरावंही वाचलं. मग लक्षात आलं की कडूबा म्हणजे मी.
घरी येऊन विचारलं, मला सांगितलं का नाही. ती म्हणाली, सांगायचंच व्हतं, पण तुम्ही रोज पुकाऱ्यावर जाऊन राह्यले. यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.
मला फार वाईट वाटलं. उपाय म्हणून सीटवरची बॅटरी पुसून ठेवली.

१८ मार्च, पहाटे
बस सुटली. सुटायच्या आधी उषाबाई म्हणाल्या, भाऊ, एकदा सांगून द्या, कुणी राहिलं आसल. सांगितलं. रत्नागिरीला जाणारी बस सुटत आहे, ज्यांना जायचं आहे त्यांनी ताबडतोब यावं. कोणी आलं नाही. सगळ्या आधीच बसल्या होत्या. खुंटीवरची पिशवी सत्यशीलाच्या मांडीवर होती. तिनं हात केला. माझ्या हातात माइक होता.

२१ मार्च
आली. उन्हानं रापलीय, हसतेय. बाटली भरून आणली, देवापाशी ठेवली. समुद्र कसा आहे विचारलं. म्हणाली, आवाज लय असतो त्याचा, दिवसभर चालूच. गाणं लावलं असतं तरी ऐकू आलं नसतं.
उद्या भोंगा काढून टाकणार. टँकर सहाला आहे, तो झाला की लगेच.