साखरेच्या डब्याची किल्ली

बाळा,

मी तुझ्या ताईकडे जाते, संध्याकाळी येईन. तुझं ताट झाकून ठेवलं आहे.

तुझी महाराणी सकाळी इन्सुलिन टोचून घेऊन ताटावरून तशीच उठली. आता स्वयंपाकघरात बसून थरथरते आहे, घामानं चिंब. डोळ्यांत पाणी, ओठांवर गाऱ्हाणी: "आई, चमचाभर साखर द्या हो." मधुमेह हिलाच आणि साखरही हिलाच! म्हणे, उदासीच्या नव्या गोळीनं साखर एकदम उतरते, असं डॉक्टर म्हणाले. दोन वेळा आयतं गिळणारीला कसली आली उदासी? मी डब्याला कुलूप घातलं.

निघताना हाक मारली, तर साधी ओसुद्धा देत नाही. एवढा ताठा! पडू दे तशीच.

किल्ली माझ्याजवळ आहे, शोधू नकोस.

आई