कॅप्टन आस्काम्पचा जोडीदार

५ मार्च १९४४
पोचलो एकदाचा! वेझर नदीकाठचा हा आमचा हवाई तळ झकास आहे. गरम बटाट्याचं सूप, वर चक्क सॉसेज. आणि मी कॅप्टन आस्काम्पचा जोडीदार! त्याने पाडलेल्या विमानांच्या पांढऱ्या रेघांनी त्याच्या विमानाची शेपटी भरलीय. माझं काम म्हणजे मागे उडून त्याची पाठ राखायची. शिवाय त्याने पाडलेलं विमान पडताना बघायचं. जोडीदाराने ‘पाहिलं’ म्हटल्याशिवाय रेघ चढत नाही. मेकॅनिक ओटमार म्हणाला, “बाळा, तोंड बंद नि डोळे उघडे ठेव, म्हणजे म्हातारा होशील.”

८ मार्च
पहिली साक्ष दिली. अमेरिकन बॉम्बर पेटला, त्यातला एक पोरगा हवाई छत्रीने उतरत होता. कॅप्टनने वळून त्याला हवेतच गोळ्यांनी फाडला. कमरेखाली काही उरलं नाही, छत्री मात्र तरंगत राहिली. जेवताना कॅप्टन म्हणाला, “उद्या तो दुसरं विमान घेऊन आला असता, तर काय केक भरवला असतास त्याला?” सगळे हसले. मीही हसलो. शी!

११ मार्च
चार अमेरिकन विमानांनी आम्हाला घेरलं. मी जीव घेऊन पळालो. वळून पाहिलं तर कॅप्टनचं विमान पेटलेलं, वरची काच अडकलेली. तो आतून दोन्ही हातांनी ती बडवत होता, केस जळत होते. मग शेतात आदळला.
तळप्रमुख मेजरने विचारलं, कॅप्टनला पडताना पाहिलंस? हो म्हटलं, तर त्याला सोडून का पळालास म्हणून मलाच भिंतीशी उभं करून गोळ्या घालतील. म्हणालो, ढग होते, काही दिसलं नाही. मेजर म्हणाला, साक्ष नाही, म्हणजे मेला नाही. कॅप्टनची खुर्ची राखून ठेवायला सांगितली.

१२ मार्च
न्याहारीला कॅप्टन खुर्चीत. ओठ नाहीत, नुसते दात. पावाला मुरंबा लावताना बोटांची कातडी सुरीला चिकटत होती. कुणी दचकलंसुद्धा नाही! ओटमार म्हणाला, थोडं भाजलंय, एवढंच. मग कॅप्टन नव्या जोडीदाराला घेऊन उडाला. एकटाच परतला.

१३ मार्च
आज आणखी एक पोरगा. पुन्हा कॅप्टन एकटाच परतला. त्याच्या विमानाच्या पंख्याच्या पात्यांना केस, मांस — पुसताना ओटमार ओकला. माझ्या एका खोटेपणापायी दोन जीव —

१४ मार्च
मेजरला खरं सांगितलं. मी पाहिलं, साहेब, मेलाय तो! त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. मग तो कोण उतरतोय? उशिरा दिलेली साक्ष धरत नाहीत, म्हणाला —

१५ मार्च
आज मी त्याच्या जोडीला. तो दारात उभा आहे. जळक्या मांसाचा वास —
“चल, पोरा. तू नाही पाहिलंस, पण मी तुला पार खाली आदळेपर्यंत बघेन. पापण्याच कुठं उरल्यात मिटायला!”
हसतोय. त्याचा हात माझ्या मानेवर, अजून गरम — आई गं — मी पाहिलं होतं, सगळं पाहि