हजेरीपटावरचं आठवं नाव

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फोडशील, की तसंच कुठेतरी सरकवून ठेवशील, मला माहीत नाही. फोडलंस तर एवढंच मागते की शेवटपर्यंत वाच, मधेच टाकू नकोस. अकरा वर्षांनी लिहायचं म्हणजे सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. तब्येत बरी आहे म्हणावं, तर ती तू विचारलेली नाहीस. म्हणून आधी माझ्या कामाचं सांगते. खरं तर दुसरं सांगण्यासारखं फारसं नाहीही.

आपल्या लहानपणची ती दगडाची खाण आठवते ना? काम बंद पडल्यावर पाण्याने भरून गेलेली. तू फ्रॉक काठावर काढून ठेवून धाडकन उडी मारायचीस आणि मी त्या फ्रॉकवर दगड ठेवून राखण करत बसायचे. घरी गेल्यावर आई विचारायची, केस ओले कसे? मी सांगायचे, नळाखाली डोकं धरलं होतं तिने. तुझ्यासाठी खोटं बोलायची सवय तेव्हापासूनची. तर ती खाण आता राहिली नाही. शहर तिकडे सरकलं, तिला गिळून आणखी चार मैल पुढे गेलं. जिथे काटेरी झुडपं होती तिथे चौदा-चौदा मजली इमारती आल्या, आणि खाण बुजवून वर उद्यान केलं. झाडं अजून पोरवयाची आहेत, काठीला बांधलेली. पण बाकं आहेत, पळायला वाट आहे, आणि कडेला केंद्र आहे. त्यात मोठा हॉल, दोन लहान खोल्या आणि मागच्या बाजूला पोहण्याचा तलाव. त्या केंद्राच्या काउंटरवर मी बसते. सातवं वर्ष चालू आहे.

काम म्हणजे नावं लिहून घ्यायची, कपाटांच्या किल्ल्या द्यायच्या, हॉल कुणाला कधी दिला ते फळ्यावर मांडायचं, आणि राहून गेलेल्या वस्तूंचं खोकं सांभाळायचं. त्या खोक्यात काय काय येतं म्हणून सांगू! एकदा दातांची कवळी आली होती. तीन आठवडे वाट पाहिली, मालक काही फिरकला नाही. कवळी विसरून माणूस घरी जाऊन जेवला कसा, यावर आमच्या वॉचमनकाकांनी आठवडाभर डोकं खाल्लं. दिवसभरात दीडदोनशे माणसं माझ्याशी बोलतात, ताई. त्यातली बहुतेक एकच विचारतात, चालू आहे का, आणि किती वाजेपर्यंत. मी सांगते. मग ती आत जातात आणि आतून हसण्याचे, चेंडूचे, गाण्याचे आवाज येत राहतात. संध्याकाळी मी कुलूप लावून घरी येते. घर तेच, दोन खोल्यांचं. कधीकधी सकाळी केंद्रात पोचल्यावर घसा खाकरून मोकळा करावा लागतो. आदल्या संध्याकाळपासून आवाजच काढलेला नसतो ना.

मागच्या वर्षी उद्यान विभागाने पन्नाशीपुढच्या बायकांसाठी पोहण्याचा वर्ग सुरू केला. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा ते बारा. नियम एकच होता, की कमीत कमी आठ नावं हवीत. नाहीतर ती वेळ शाळकरी पोरांच्या स्पर्धेच्या सरावाला जाणार. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी माझ्याकडे नावं होती सात. त्यांतल्या एक निवृत्त नर्सबाई. एका घरातल्या दोघी जावा, ज्या घरात एकमेकींशी बोलत नाहीत, पण इथे वेगवेगळ्या रिक्षांनी येऊन एकच दांडी धरून पाण्यात तरंगतात. बाकी चौघीही अशाच, घरच्यांना 'फिरायला जाते' म्हणून सांगून येणाऱ्या. सगळ्या जणी चार दिवस आधीच पोहण्याचे पोशाख घेऊन बसलेल्या. मी केंद्राच्या वहीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बायकांना फोन केले. कुणाची सून बाळंत, कुणाला पाण्याची भीती, कुणी म्हणे या वयात कसली थेरं. मला स्वतःचं नाव घालता येईना, नोकरीतल्या माणसाला मनाई आहे. पाच वाजता यादी मुख्य कार्यालयाला पाठवायची होती. पावणेपाचला मी आठव्या ओळीत तुझं नाव लिहिलं. माहेरचं, पूर्ण.

का ते तेव्हा मला कळलं नाही. कुठलंही नाव चाललं असतं. पण पोहणारी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तूच आलीस.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुझ्या नावापुढे मी बरोबरची खूण करू लागले. पोहायला शिकवणारी मुलगी फार बोलत नाही, सगळं शिट्टीवर चालवते. तिला आम्ही शिट्टीच म्हणतो. पाण्यात सातच जणी आहेत हे तिला दिसत होतं, पण आठवी नसेल तर तिचाही वर्ग जाणार, म्हणून ती गप्प. बायका मात्र गप्प कशा बसतील? आठवी कोण, आठवी कोण, असं चाललं. मी म्हटलं, माझी थोरली बहीण आहे, येईल, जरा सर्दी झालीय. पुढच्या आठवड्यात तुला लेकीकडे पाठवलं. मग तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन करवलं. माफ कर, पण सर्दीवर किती दिवस काढणार? आणि ऑपरेशन म्हटल्यावर तर सगळ्यांना तू जवळचीच वाटायला लागलीस. पायऱ्या चढते का आता, मांडी घालता येते का, थंडीत दुखतो का. नर्सबाईंनी तर करायचे व्यायाम कागदावर चित्रं काढून दिले. तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

ताई, हसू नकोस, पण ते महिने मला बरे गेले. किल्ली घेताना प्रत्येक जण विचारायची, ताई कशी आहे? अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आणि माझ्याकडे उत्तर असायचं. आज जरा बरी आहे म्हणायचे. काल बागेपर्यंत चालली. फोनवर मला म्हणाली, तू कधी शिकणार पोहायला, भित्री कुठली. तू हेच म्हणाली असतीस ना? मंगळवार जवळ आला की मी घरी बसून ठरवायचे, या वेळी तुझी काय बातमी द्यायची.

हे असं आठ महिने चाललं. मग एका मंगळवारी फाटकावरून वॉचमनकाकांचा फोन आला. मुख्य कार्यालयातून नवे साहेब आलेत, हातात याद्या आहेत, सध्या बागेतली झाडं मोजताहेत. आणखी दोन उद्यानांत नुसते कागदावरचे वर्ग सापडले होते म्हणे, त्यामुळे आता सगळीकडे डोकी मोजणं चाललं होतं. वर्ग तर जाईलच, नोकरीही जाईल. तेवढ्यात नर्सबाई किल्ली घ्यायला आल्या. माझा चेहरा बघून त्यांनी फक्त विचारलं, काय झालं? मी सगळं सांगून टाकलं. बहीण इथे येणार नाहीये, कधीच येणार नव्हती. वाटलं, आता या चिडणार. त्या म्हणाल्या, साहेबांनी तुला पाहिलंय का? मी म्हटलं, नाही, नवे आहेत. त्या म्हणाल्या, मग ऊठ. झाडं पुष्कळ आहेत, वीस मिनिटं मिळतील.

राहून गेलेल्या वस्तूंच्या खोक्यातला पोशाख, ताई! कुणा धिप्पाड बाईचा असावा, दोन्ही जावांनी मागून सेफ्टी पिना लावून तो माझ्या अंगावर बसवला, आणि त्या गडबडीत एकमेकींशी दोन वाक्यं बोलल्यासुद्धा. डोक्यावर रबरी टोपी, डोळ्यांवर चष्मा. काउंटरवर वॉचमनकाका जाऊन बसले. आणि जिने जन्मभर काठावर बसून फ्रॉक राखला, ती मी छातीभर पाण्यात उतरले. पाणी थंड होतं आणि पायाखालची फरशी आहे की नाही असं वाटत होतं. शिट्टी माझ्या अगदी जवळ उभी राहिली. साहेब आले. बिचारे तरुण होते, एवढ्या बायका पोशाखात पाहून आमच्याकडे धड बघेनात. यादीवर नजर ठेवून एकेक नाव घेत गेले. सात नावं झाली. मग त्यांनी तुझं नाव घेतलं.

मी म्हटलं, हजर.

माझ्या तोंडून तो शब्द मोठ्याने, अगदी स्पष्ट आला. साहेबांनी खूण केली, 'छान, चालू द्या' म्हणाले आणि गेले. बायका पाण्यात उड्या मारायला लागल्या, कुणीतरी मला मिठी मारली. मी मात्र दांडी धरून उभी, बाहेर येता येईना. पाण्यात रडलेलं कळत नाही म्हणतात. नर्सबाईंना कळलं.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत त्या माझ्याजवळ बाकावर बसल्या. बाकीच्या गेल्या होत्या. त्यांनी विचारलं, बहीण आहे तरी का खरंच? मी म्हटलं, आहे. मग मी त्यांना तेच सांगितलं, जे तुला सांगितलं होतं, सगळ्यांना सांगत आले. आई गेली तेव्हा बहिणीला वेळेवर कळवता आलं नाही, कारण आईनेच नको म्हणून सांगितलं होतं, उगीच तिची धावपळ नको. बहीण पोचली ती सगळं आटोपल्यावर. 'तू मला माझी आई बघू दिली नाहीस' एवढंच म्हणाली, आणि पाणीही न पिता गेली. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. केस पुसता पुसता म्हणाल्या, तीस वर्षं वॉर्डात काढली बघ मी. उशाशी बसलेल्या माणसाचं नाव सहसा कुणी घेत नाही. डोळे दाराकडे लागलेले असतात. तुझी आई कुणाचं नाव घेत होती? मी म्हटलं, मला काउंटरवर जायला हवं, काका एकटे आहेत.

शुक्रवारी त्यांनी आपल्या शेजारणीला बरोबर आणलं, नाव घालायला. म्हणाल्या, आता तुला खोटं लिहायला नको. खरी आठवी मिळाली, सगळ्यांना आनंद झाला. मी पट्टी घेतली आणि लाल शाईने तुझ्या नावावर रेघ मारली. पुढच्या मंगळवारी किल्ल्या देताना कुणीही काही विचारलं नाही. खरं काय ते आता सगळ्यांना माहीत होतं, आणि माझ्या मनाला लागू नये म्हणून बिचाऱ्या जपत होत्या. सात जणी आल्या आणि सात किल्ल्या घेऊन आत गेल्या. आठवीने तेवढं विचारलं, किती वाजेपर्यंत चालू असतं? मी सांगितलं, बारा.

आज सोमवार, केंद्राला सुट्टी. दुपारपासून मी आईच्या पलंगावर बसून हे लिहिते आहे. इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले, आता सांगते. आईने 'नको कळवू' असं कधीच म्हटलं नव्हतं, ताई. गुरुवारी सकाळी ती चांगली शुद्धीत होती आणि म्हणाली, थोरलीला बोलाव. मी म्हटलं, हो, लगेच फोन करते. बाहेरच्या खोलीत गेले, फोनजवळ उभी राहिले आणि तशीच आत आले. तिला सांगितलं, केला, निघतेय ती. नऊ वर्षं तिचं सगळं मी केलं होतं. तिला अंघोळ घातली, भरवलं, रात्री तिच्या एका हाकेला उठले, आणि त्या नऊ वर्षांत तिने मला कधी अशी ओढीने हाक मारली नव्हती. मला वाटलं, हे शेवटचे चार दिवस तरी माझे असू देत. तिला इतकं कमी उरलंय हे मला माहीत नव्हतं असं म्हणणार होते, पण तेही खरं नाही. डॉक्टरांनी बुधवारीच सांगितलं होतं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, ती विचारत राहिली आणि मी सांगत राहिले, वाटेत आहे, गाडीला उशीर झालाय, पोचेलच. तिने तुझी वाट पाहिली, पण तू येणार नाहीस असं तिला एकदाही वाटलं नाही, एवढं नक्की. तू मला क्षमा करावीस म्हणून हे लिहीत नाही. तिने शनिवारी संध्याकाळी तुझ्यासाठी एक निरोप दिला होता. तो तुझा होता आणि मी तो अकरा वर्षं ठेवून घेतला, म्हणून लिहिते आहे. माझा हात धरून म्हणाली होती, थोरली आली की लगेच माझ्याकडे आणू नकोस. आधी तिला गरम काहीतरी खायला घाल. प्रवासात ती काही खात नाही.

तुझीच,
धाकटी