मिठाच्या जागा

२ डिसेंबर, सोमवार
पोचले एकदाची! रडारचं खोकं सांभाळत केळझरच्या पुढे उतरले, तर कंडक्टर विचारतो, शिलाई मशीन का? मुक्काम मनोहररावांकडे. निवृत्त मास्तर, बोलायला लागले की तास संपवूनच थांबतात. त्यांच्या बायकोने, गोपिकाकाकूंनी, आल्या आल्या वांग्याचं भरीत आणि भाकरी वाढल्या. मी तीन खाल्ल्या, लाज वाटली नाही. काम सोपं आहे: गावामागचा मुरमाड उतार शनिवारी सपाट करून तिथे गोदाम होणार. त्याआधी जमिनीखाली काय आहे, ते पाहायचं.

३ डिसेंबर
रडारची गाडी बाबागाडीसारखी ढकलायची. ती खाली लाटा सोडते, पडद्यावर जमिनीचे थर उमटतात. पण उतार सगळा खाचखळग्यांचा. गाडी उचलली जाते आणि मध्येच रिकामी पट्टी येते. अशा अकरा आल्या. मी त्या नेहमीप्रमाणे पडद्यावरच शेजारच्या थरांनी भरून टाकल्या.

संध्याकाळी काकू जवळ येऊन बसल्या. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचं नऊ दिवसांचं बाळ त्या उतारावर पुरलंय. खूण राहिली नाही. शनिवारच्या आत त्यांना ते तिथून आणायचंय. "माह्या लेकराले पाहून देजो वं पोरी," म्हणाल्या. मला रडूच आलं.

४ डिसेंबर
दोनदा पाहिलं. काकूंना सांगितलं, सापडत नाही. अहवालही पाठवला: खाली काही नाही. सही केली. काकू भाजी निवडत राहिल्या.

५ डिसेंबर
चहा देताना काकू सहज बोलून गेल्या, की बाळासोबत खड्ड्यात दोन पायल्या मीठ टाकलं होतं. तान्ह्या लेकरांना सगळे त्या उतारावर तसंच पुरायचे.

ओल्या मिठात रडारच्या लाटा विरून जातात. तिथे पडदा रिकामाच दिसतो. म्हणजे त्या पट्ट्या खळग्यांच्या नव्हत्याच. मूर्ख मी, अकरा लेकरं पुसून टाकली! गोदामवाल्यांना फोन केला. म्हणाले, अहवाल मिळाला, काम शनिवारीच.

गाडी घेऊन धावत उतारावर गेले, पुन्हा फिरवली. पट्ट्या जागेवर नाहीत.

६ डिसेंबर
सकाळी पायथ्याशी सापडल्या. अकराही, ओळीने. दुपारी गावच्या वाटेवर. चार वाजता आमच्या फाटकाशी. देवा, मशीनचा बिघाड असू दे.

७ डिसेंबर, शनिवार
वर जेसीबी घरघरतोय. गाडी अंगणात फिरवली. एक पट्टी काकू बसतात तिथेच, त्यांच्या खाली. सांगितलं त्यांना. त्यांनी मातीवर हात ठेवला, थोपटत राहिल्या. "आला का रे माह्या राजा," म्हणाल्या. रडल्या, मग हसल्या.

बाकी दहा जणांच्या आया आता हयात नाहीत, असं मनोहरराव म्हणाले.

दुपारी
गाडी माझ्या खोलीत. बंद केलेली. पडदा पेटलाय—

दहा. खाटेभोवती.

मोठ्याने माफी मागितली. मी कुणाची आई नाही, मी फक्त सही—

जवळ येतायत. सारवलेली जमीन ओली लागतेय, खारट वास—

खाली बसलेय. डाव्या हाताने थोपटतेय, उजव्याने लिहितेय. थोपटणं थांबलं की खालून रड—