समीक्षाच्या नावाची हजेरी

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजही वर्गात दोघीच! मी आणि नाहिद. बारावी सायन्सच्या पटावर साठ नावं, बाकीचे सगळे यवतमाळच्या क्लासमध्ये. राळेगावच्या कॉलेजात नुसतं नाव लावायचं, इकडे फिरकायचंसुद्धा नाही. बोर्डाच्या मार्कांना आता कोण विचारतं? सगळं सीईटीवर. मला नर्सिंगला जायचंय, तिथेही सीईटीच. बारावी नुसती पास व्हायची. पण फिजिक्स शिकवणार कोण? काळमेघ सर खुर्चीत बसून मोबाईल बघतात. विचारलं तर म्हणतात, दोघींसाठी काय फळा भरायचा!

२१ नोव्हेंबर

सर आज माझ्याकडे पाहून चक्क हसले. घरचे बरे आहेत का, विचारलं. दीड वर्षात पहिल्यांदा. काहीतरी शिजतंय.

२५ नोव्हेंबर

कळलं! पटावरची पोरं कॉलेजात येतच नाहीत, अशी कोणीतरी नावांनिशी तक्रार केलीय. परवा शिक्षण खात्याचं पथक येणार, हजेरी घेणार. सर गावातली पोरंपोरी गोळा करत फिरतायत. युनिफॉर्म घालून बाकावर बसायचं, सांगितलेल्या नावाला हजर म्हणायचं, बस. मला समीक्षाचं नाव दिलंय. तिच्या बाबांचं गाड्यांचं शोरूम आहे. ती कॉलेजात आली होती फक्त प्रवेश घ्यायला.

माझ्या नावाचं काय, म्हणून विचारलं. सर म्हणाले, "तुही तं रोजचीच हजेरी आहे. तुह्यं नाव कोण पुकारते? तक्रारीतलेच नावं घेतीन ते."

वर क्लासच्या सीईटीच्या सगळ्या सराव प्रश्नपत्रिका देतो म्हणाले. एवढी माया अचानक कुठून आली? मला हे पटत नाही. पण त्या प्रश्नपत्रिका मला दुसरीकडे कुठे मिळणार? हो म्हटलं.

नाहिदलाही एक नाव दिलं होतं. ती सरळ नाही म्हणाली. "मी माह्याच नावाले हजर म्हणीन. तू काहून फसून राह्यली?" मला तिचाच राग आला. प्रश्नपत्रिका मला एकटीला मिळणार म्हणून जळते, असं वाटलं.

२७ नोव्हेंबर

पथक आलं. तक्रारीतली नावं कुठली — अख्खा पटच पुकारला!

समीक्षाचं नाव माझ्या आधी. मी हजर म्हटलं. अधिकारी मॅडमनी मान वर करून मला नीट पाहून घेतलं. मग चार-पाच नावांनी माझंच नाव. हात वर करू तरी कसा? दुसऱ्यांदा पुकारलं. नाहिद कोपराने ढोसत होती. मी सरांकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते. मॅडम पुढच्या नावावर गेल्या.

नंतर सर म्हणाले, तुझ्या हजेरीचं मी पाहून घेतो. प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा हातात दिला. घरी उघडला. फिजिक्सचे निम्मे प्रश्न मला कळलेच नाहीत. शिकवलेच नाहीत ना कोणी.

३ डिसेंबर

सर समोरून आले आणि मला बघून वळले. 

९ डिसेंबर

पथकाचा निकाल लागला. कॉलेजात नावापुरती विद्यार्थिनी एकच सापडली. मी. प्रवेश रद्द. बारावीला बसता येणार नाही, मग सीईटी कसली!

सर वाचून दाखवत होते तेव्हा मी वर्गातच होते. पहिल्या बाकावर.