बेडूक आणि मागची सीट

१ एप्रिल १९९३
माझ्या हाताखालच्या मिनेगिशीची ब्याद टळली. कंपनीने व्हिडिओ गेमचा विभाग काढलाय, गोदामाच्या मागे. टीव्ही बनवणारी आमची घरंदाज कंपनी, आणि आता पोरांची खेळणी! शी. प्रमुख म्हणून आधी मलाच विचारलं होतं. मी तत्काळ मिनेगिशीचं नाव पुढे केलं. मीटिंगमध्ये माझ्या बोलण्यावर हसतो तो. आता हस म्हणावं.
निरोपाची पार्टी झाली. परतताना टॅक्सीत मी ड्रायव्हरच्या मागे, म्हणजे मानाच्या जागी. तो रिवाजाप्रमाणे पुढे, रस्ता सांगायला. मान वळवून म्हणाला, "कुराहाशी साहेब, तुमचे उपकार विसरणार नाही." बिचारा. जन्मभर पुढेच बसणार.
संकल्प : तीन वर्षांत संचालक. मग कंपनीची काळी गाडी आणि मागची सीट, कायमची.

९ ऑगस्ट १९९४
त्या गोदामात जावं लागलं. ओकारी यायचीच बाकी होती. टेबलांखाली पोरं झोपलेली, मोजे भोकाचे, सगळीकडे शिळ्या नूडल्सचा वास. मिनेगिशीने दाढीसुद्धा केली नव्हती. विहिरीतून उड्या मारत बाहेर पडणारा एक बेडूक मला खेळायला दिला. तो सारखा पडून मरत होता. बटणात दोष आहे, दुसरं काय.
मिनेगिशी म्हणाला, "साहेब, या ना इकडे. तुम्ही प्रमुख व्हा, मी तुमच्या हाताखाली राहीन." म्हटलं, "अरे, मी हयातभर टीव्ही विकले. बेडूक विकणार नाही." चांगलं सुनावलं.
घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

१८ डिसेंबर १९९४
बेडकासाठी आकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात रांग लागलीय. थंडीत. आणि त्या रांगेत कोण? माझी बायको! भाच्यासाठी घेतलं म्हणाली. संध्याकाळपासून स्वतःच खेळतेय. जेवायचं विचारलं, तर "अहो, थांबा जरा, जीव जाईल माझा!" भात गार. मासा गार. डोकं तेवढं गरम.
ही साथ आहे. उन्हाळ्यापर्यंत ओसरेल.

६ जून १९९५
ओसरली नाही. लोकांची अभिरुचीच नासलीय, त्याला मी काय करणार!
माझा तोडगा तयार : भव्य टीव्ही, खऱ्या लाकडाच्या चौकटीत. संचालकपद यावरच मिळणार. बायकोला चित्र दाखवलं. म्हणाली, "छान आहे. पण आपल्या दारातून आत येईल का?" बायकांना भव्य असं काही दिसतच नाही.

२१ नोव्हेंबर १९९५
टीव्ही परत येताहेत. जिन्यात अडकतात म्हणे. दारं अरुंद बांधायची आणि बोट आमच्याकडे दाखवायचं! या देशातल्या बिल्डरांची किळस आली.
परत आलेला माल ठेवायला मिनेगिशीने गोदामातली जागा दिली. उपकार केल्यासारखं हसून. शेफारलाय.

२२ मार्च १९९६
अध्यक्ष होन्जो साहेबांचं जेवणाचं आमंत्रण! या वर्षीचा नवा संचालक तिथेच जाहीर होणार. माझ्याशिवाय आहे कोण? नवा सूट शिवायला टाकला. बायको म्हणाली, "अहो, जरा कानोसा घ्या. मिनेगिशींचं नाव ऐकलं मी." कुठे ऐकलंस? तर नव्या बेडकाच्या रांगेत. म्हणजे बघा.

२९ मार्च, रात्री
लिहवत नाही. तरी लिहितो.
मी सगळ्यांच्या आधी पोचलो. फुलांच्या कोनाड्यासमोर अध्यक्षांची गादी. तिच्याशेजारच्या मानाच्या गादीवर मी बसलो. सवय असावी म्हणून. मिनेगिशी आला, कॅनव्हासचे बूट काढून. मी त्याला बोटाने दाराजवळची जागा दाखवली, जिथे सगळ्यात धाकटा बसून साके ओततो. तो निमूटपणे बसला.
बाकीचे येऊन बसले, मग अध्यक्ष आले. दारात थबकले. माझ्याकडे बघितलं, मिनेगिशीकडे बघितलं. मग त्यालाच म्हणाले, "अहो संचालक, तिथे काय करताय? वर या."
मी उठलो. पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून रांगत खाली सरकलो. मधल्या सगळ्या गाद्या भरलेल्या. दाराजवळची तेवढी रिकामी, मिनेगिशीच्या अंगाने ऊबदार झालेली. किळसवाणी ऊब. रात्रभर साके मीच ओतलं.
टीव्ही विभागही त्याच्याच हाताखाली गेला.
निघताना मिनेगिशी हळूच म्हणाला, "साहेब, टॅक्सीत तुम्ही मागे बसा. मला चालेल." दया! मला शिसारी आली. पायी गेलो. नव्या सुटात, पावसात.

१ एप्रिल १९९६
आज मिनेगिशी साहेबांबरोबर फॅक्टरीला जायचं होतं. कंपनीची काळी गाडी. अखेर बसलो एकदाचा. पुढे.
पुढची सीट लोक उगीच हलकी समजतात. सगळा रस्ता हिच्याच ताब्यात असतो. मागचा काय, नुसता झोपतो. चौक आला तसा मी कडक आवाजात सांगितलं, "डावीकडे घ्या!" ड्रायव्हरने लगेच डावा सिग्नल दिला. कंपनीत इतक्या वर्षांत माझं कुणी इतक्या पटकन ऐकलं नव्हतं.
मागून मिनेगिशी साहेब अर्धवट झोपेत म्हणाले, "उजवीकडे."
गाडी उजवीकडे वळली.
मी तेच म्हणणार होतो.